दल कोणते, हा प्रश्न शेवटचा

लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगर भागात शिकवण्यांना येणाऱ्या बहुतेक मुलांची वाट ठरलेली असते: अकरावी-बारावी, नीट, एमबीबीएस. त्यांतल्या काहींना पांढऱ्या कोटाबरोबर गणवेशही हवा असतो. शेजारच्या गल्लीतल्या करिअर अकादमीत पहाटे पाचला १६०० मीटर धावणारी मुले वेगळी, पण त्यांच्यातही ‘मेडिकल लाइनची भरती’ शोधणारे असतात. या दोन्ही गटांतून एकच प्रश्न ऐकू येतो, आर्मी चांगली, नेव्ही की एअर फोर्स? उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. कोणी पगाराचा तक्ता दाखवतो, कोणी गणवेशाचा रुबाब सांगतो, कोणी बदलीच्या गावांची नावे घेतो. प्रश्न बरोबर आहे का, हे मात्र फारसे कोणी तपासत नाही. आपल्या देशातली व्यवस्था पाहिली तर वैद्यकीय सेवेत जाणाऱ्याने दलाचे नाव शेवटी ठरवायचे असते, आणि पुष्कळदा ते त्याच्या हातातही नसते. कोणत्या पायरीवर काम करायचे, त्यासाठी कोणती पदवी लागते आणि ती वाट कितव्या वर्षापर्यंत उघडी असते, हे आधी पाहावे लागते. बचावकार्याची ओढ असलेल्याला तर तिन्ही दलांच्या बाहेरच बघावे लागते.

सुरुवात डॉक्टरांपासून करू, कारण गैरसमज तिथे सर्वांत जास्त आहे. अमेरिकेत लष्कर आणि नौदल आपापले वैद्यकीय अधिकारी वेगवेगळे भरतात. तिथले व्हिडिओ पाहून आपल्याकडेही तसेच असेल असे मुले धरून चालतात. आपल्याकडे तिन्ही दलांची वैद्यकीय सेवा एका छत्राखाली आहे. तिच्या शिरोभागी सशस्त्र दल वैद्यकीय सेवेचे महासंचालक असतात आणि डॉक्टर तिन्ही दलांत वाटले जातात. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे एएफएमसीतून, बाहेर पडणाऱ्याला पसंती विचारली जाते, पण शेवटचा शब्द गरजेचा असतो, आणि बहुतेकांच्या वाट्याला लष्कर येते, कारण तिथे माणसे सर्वांत जास्त लागतात. पुढेही दल बदलू शकते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी महासंचालक झालेल्या आरती सरीन या पदावरच्या पहिल्या महिला. त्यांची कारकीर्द लेफ्टनंट आणि कॅप्टन म्हणून लष्करात सुरू झाली, नौदलात त्या सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरलपर्यंत चढल्या आणि मधल्या काळात एअर मार्शल म्हणून हवाई दलाची वैद्यकीय सेवाही त्यांनी सांभाळली. त्याच वर्षी १ ऑगस्टला साधना सक्सेना नायर लष्कराच्या वैद्यकीय सेवेच्या प्रमुख झाल्या. त्याआधी त्या हवाई दलात एअर मार्शल होत्या. त्याच्याही आधी, २००४ मध्ये, पुनीता अरोरा देशातल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल झाल्या आणि नंतर नौदलात व्हाइस अ‍ॅडमिरल म्हणून गेल्या. सर्वांत वरच्या पायरीवरची माणसे तिन्ही गणवेश घालून आलेली दिसत असतील, तर सतराव्या वर्षी निळा की हिरवा यावर घरात वाद घालण्यात फारसा अर्थ राहत नाही.

यावर जाणकार म्हणतील, दलांच्या कामात फरक तर आहेच. आहे, आणि तो मोठा आहे. वैमानिकाच्या शरीरावर वेगाचा आणि उंचीचा काय परिणाम होतो याचा अभ्यास बंगळुरूच्या हवाई वैद्यक संस्थेत होतो. खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांचे आणि पाणबुडीतल्या नौसैनिकांचे आजार हा मुंबईच्या आयएनएचएस अश्विनीतल्या नौदल वैद्यक संस्थेचा विषय. हिमालयाच्या उंचीवरचे वैद्यक हे लष्कराचे क्षेत्र. पण या विशेष शाखा एमबीबीएसनंतर काही वर्षांनी समोर येतात, आणि तोपर्यंत डॉक्टरला आपण कशात रमतो हे कळलेले असते. पहिली नेमणूक मात्र अनेकांची अशी होते की तिथे मोठे रुग्णालय नसते. पलटणीचा वैद्यकीय अधिकारी म्हणजे आरएमओ, जवानांच्या बरोबर राहणारा एकटा डॉक्टर. त्याच्या हाताशी काही नर्सिंग असिस्टंट, मर्यादित औषधे आणि जखमीला मागे पाठवण्याचा निर्णय. १९ जुलै २०२३ च्या पहाटे सियाचीनमध्ये आग लागली तेव्हा २६ पंजाबचे आरएमओ कॅप्टन अंशुमान सिंह यांनी सहकाऱ्यांना बाहेर काढले, वैद्यकीय साहित्य वाचवण्यासाठी ते पुन्हा आत गेले आणि त्यांना मृत्यू आला. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळाले. ते एएफएमसीचेच. लष्करी डॉक्टर म्हणजे वातानुकूलित कमांड हॉस्पिटल आणि संध्याकाळचा क्लब, असे चित्र मनात असेल तर ते आधी बदलायला हवे. कोणत्या दलात जाऊ, यापेक्षा दोन वर्षे असा एकटा डॉक्टर म्हणून राहायची तयारी आहे का, हे मुलाला विचारणे जास्त उपयोगाचे.

एएफएमसीचा विचार करणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलांना एक अडचण हमखास येते, आणि ती गुणांची नसते. हे महाविद्यालय १९४८ साली सुरू झाले. तिथे भारतीय विद्यार्थ्यांसाठी १४५ जागा, त्यांत मुलगे ११५ आणि मुली ३०. नीटला बसणाऱ्यांची देशभरातली संख्या २० लाखांच्या वर. चाळणी इथेच संपत नाही. नीटच्या गुणांवर बोलावणे आले की पुढे इंग्रजीचे आकलन, तर्क आणि विचारशक्तीची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते. बारावी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण असावे लागते, भौतिक, रसायन, जीव या तिन्ही विषयांत मिळून ६० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के लागतात. ‘लातूर पॅटर्न’ची ताकद सरावात आहे. एकेका धड्यावर शेकडो बहुपर्यायी प्रश्न, दर रविवारी चाचणी, निकालाप्रमाणे तुकडी. या पद्धतीने राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांची नावे राज्यभर नेली, हे नाकारण्यात काही अर्थ नाही. पण याच पद्धतीत इंग्रजी हा उत्तीर्ण होण्यापुरता विषय उरतो, आणि चार माणसांसमोर बसून आपले म्हणणे मांडायचा सराव कुठल्याच तासिकेत नसतो. नीटला साडेसहाशेच्या वर गुण मिळवणारा मुलगा मुलाखतीत अडखळतो तो यामुळे. मुलांच्या बुद्धीचा यात दोष नाही. अकरावीपासून आठवड्यातले दोन तास इंग्रजी वाचन आणि बोलण्यासाठी काढले तर ही उणीव भरून निघते, पण ज्या शिकवणीला टक्केवारीच्या फलकावर नावे लावायची असतात ती हे तास देणार नाही. ते घरीच करावे लागतील.

आणि एएफएमसी हुकले म्हणून लष्करी डॉक्टरकी हुकत नाही, हे तर कोणी सांगतच नाही. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेतून एमबीबीएस झालेला डॉक्टर अल्पसेवा नियुक्तीने, म्हणजे शॉर्ट सर्व्हिस कमिशनने, आर्मी मेडिकल कोअरमध्ये जाऊ शकतो. पहिली मुदत पाच वर्षांची असते आणि ती वाढवून चौदा वर्षांपर्यंत नेता येते. चौदा वर्षांनी निवृत्तिवेतन मात्र मिळत नाही, हे आधीच ध्यानात ठेवायचे. माझ्या मते मराठवाड्यातल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी हाच रस्ता अधिक शहाणपणाचा. सतराव्या वर्षी लाखोंचे बंधपत्र लिहून देण्याऐवजी तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, वॉर्डात रात्रपाळ्या काढून झाल्यावर, माणूस डोळे उघडे ठेवून निर्णय घेतो. एएफएमसीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे: शिक्षणाचा खर्च जवळजवळ नाही, सहवास आणि शिस्त आहे, पुढे सेवेत राहून पदव्युत्तर शिक्षणाची वाट आहे. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर तिथल्याच विद्यार्थिनी. त्या २०२१ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, आणि नांदेड-लातूरची शासकीय महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. ज्या घरात वर्षाला काही लाख फी भरायची ताकद नाही तिथे एएफएमसीचे वजन अर्थातच वाढते. दोन गोष्टी मात्र एकदा स्पष्ट सांगून टाकायला हव्यात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे एनडीएतून, डॉक्टर होता येत नाही. तिथून निघणारा लढाऊ किंवा अन्य शाखांचा अधिकारी होतो, वैद्यकीय नव्हे. आणि आर्मी मेडिकल कोअरला एमबीबीएसच लागते. नांदेडात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, नीटचे गुण कमी पडले की मराठवाड्यातली पुष्कळ मुले बीएएमएसकडे वळतात, आणि ‘पुढे मिलिटरीत बघू’ असे म्हणतात. ती वाट तिथे नाही.

आता जवानांच्या पायरीकडे येऊ. इथे मात्र दलाचे नाव खरोखर महत्त्वाचे ठरते, कारण वैद्यकीय सहाय्यक ज्या दलात भरती होतो तिथेच त्याची सगळी नोकरी जाते. तिन्ही दलांची पात्रता जवळजवळ सारखी आहे: बारावी विज्ञान, त्यात जीवशास्त्र आणि इंग्रजी, एकूण ५० टक्के. लष्करात त्याला सोल्जर टेक्निकल नर्सिंग असिस्टंट म्हणतात आणि त्याचे प्रशिक्षण लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर केंद्रात सुरू होते. नौदलात तो एसएसआर मेडिकल असिस्टंट, आयएनएस चिल्का इथे पाया आणि पुढचे शिक्षण मुंबईच्या अश्विनी रुग्णालयात. हवाई दलात तो ग्रुप वायमधला मेडिकल असिस्टंट. डी.फार्म किंवा बी.फार्म झालेल्यासाठी लष्करात सिपाय फार्मा हे वेगळे पद आहे. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हापासून गावोगावी असा समज पसरला आहे की आता सगळी भरती चार वर्षांचीच. प्रत्यक्षात नर्सिंग असिस्टंट आणि सिपाय फार्मा ही लष्करातली पदे नियमित भरतीत राहिली, नौदल आणि हवाई दलानेही वैद्यकीय सहाय्यकांची भरती नियमितच ठेवली. चार वर्षांनी चारातल्या तिघांना घरी पाठवणाऱ्या योजनेच्या काळात निवृत्तिवेतनाची वाट शाबूत असलेली जवानांची पदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांत ही बसतात. तरी अकादमीतली दहातली नऊ मुले जनरल ड्यूटीचाच, म्हणजे जीडीचाच, फॉर्म भरतात, त्यांत बारावीला जीवशास्त्र घेतलेलीही असतात.

‘हे तर नीटमध्ये नापास झालेल्यांचे काम’, असा एक आक्षेप घरोघरी ऐकू येतो. तो तोंडावर कोणी बोलत नाही, पण निर्णय त्यावरच होतात. या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत. पहिले कामाचे. जखमी जवानापर्यंत सर्वांत आधी पोचणारा नर्सिंग असिस्टंटच असतो. रक्तस्राव थांबवणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, सलाइन लावणे, स्ट्रेचरवर बांधून खाली आणणे या पहिल्या तासातल्या गोष्टी त्याच्या हातून होतात, डॉक्टर त्यानंतर. नौदलाच्या लहान जहाजांवर डॉक्टर नसतो, तिथे खोल समुद्रात आजारी पडलेल्याचा सगळा भार मेडिकल असिस्टंटवर असतो. दुसरे उत्तर वयाचे, आणि ते जास्त बोचणारे आहे. नौदल आणि हवाई दलाच्या वैद्यकीय सहाय्यकाची वयोमर्यादा साधारण एकविसाव्या वर्षी संपते, लष्कराची तेविसाव्या वर्षी. बारावी अठराव्या वर्षी होते. त्यानंतर लातूरला राहून पहिला ड्रॉप घेतला की एकोणीस, दुसरा घेतला की वीस, तिसऱ्यांदा नीट देऊन निकालाची आणि फेऱ्यांची वाट पाहिली की एकविसावे उजाडले. रिपीटरची तुकडी ही या गावांतली नेहमीची गोष्ट झाली आहे, आणि तिसऱ्या प्रयत्नात यश आलेल्यांची उदाहरणे भिंतीवर लागतात. ज्यांना आले नाही त्यांची कोणती वाट मधल्या काळात बंद झाली, याचा फलक कुठेच लागत नाही. नीटची तयारी आणि लष्करातल्या नर्सिंग असिस्टंटची लेखी परीक्षा यांचा अभ्यासक्रम बराचसा जुळतो. पहिल्या ड्रॉपच्या वर्षीच दोन्हीकडे अर्ज केला तर काही बिघडत नाही, फक्त सकाळचे धावणे वाढते.

एक खरी उणीव मात्र झाकून ठेवता येणार नाही. सैन्यातले नर्सिंगचे प्रशिक्षण म्हणजे बाहेर आपोआप नोंदणीकृत परिचारक होणे नव्हे. चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन नांदेडच्या एखाद्या खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात नोकरी मागायला गेलेल्याला राज्याच्या परिचर्या परिषदेची नोंदणी विचारली जाते. सेवेत असतानाच मान्यताप्राप्त पदविका किंवा पदवी पूर्ण करून ठेवणे हा त्यावरचा उपाय, आणि तो भरतीच्या दिवसापासून डोक्यात ठेवावा लागतो. राज्य सरकारच्या भरतीत माजी सैनिकांसाठी आरक्षण आहे, पण आरक्षण पदवीची जागा घेत नाही.

मुलींच्या बाबतीत हा नकाशा अगदी वेगळा दिसतो आणि त्यावर आपल्याकडे पुरेशी चर्चा होत नाही. वर सांगितलेली तिन्ही दलांची वैद्यकीय सहाय्यकाची पदे फक्त पुरुषांसाठी आहेत. अग्निपथनंतर नौदलात आणि हवाई दलात मुली अग्निवीर झाल्या, लष्करात त्यांना सैनिकी पोलिसांत त्याआधीच प्रवेश मिळाला होता, पण ज्या कामात स्त्रिया जगभर आहेत त्या रुग्णसेवेच्या जवान-पायरीवर त्या नाहीत. उलट मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस फक्त स्त्रियांसाठी आहे, आणि बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलाला तिथे जाता येत नाही. एकाच रुग्णाच्या खाटेशी उभे राहणारे दोघे, त्यांतली एक लेफ्टनंट होते आणि दुसरा शिपाई, आणि फरक केवळ जन्माने ठरतो. न्यायाच्या दृष्टीने हे टिकणारे नाही असे माझे मत आहे. पण आजच्या मुलीने आजची व्यवस्था पाहून ठरवायचे आहे, आणि तिच्या दृष्टीने नर्सिंग सर्व्हिस हा फार चांगला सौदा आहे. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या २२० जागा सहा ठिकाणी आहेत. त्यांतल्या दोन महाराष्ट्रात: पुण्याच्या एएफएमसीत ४० आणि मुंबईच्या अश्विनीत ४०. निवड आता नीटच्या गुणांवरून होते. शिक्षण संपले की अधिकारी म्हणून नेमणूक, हातात मान्यताप्राप्त पदवी, आणि पुढे बाहेर पडले तरी ती पदवी उपयोगी पडते. एमबीबीएसला लागणाऱ्या गुणांच्या बरेच खाली राहिलेली मुलगी इथे बसू शकते. तरीही लातूर-नांदेडकडच्या घरांत ‘नर्स’ हा शब्द ऐकला की बापाच्या कपाळावर आठी पडते, आणि तीच मुलगी दूरच्या खासगी महाविद्यालयात बीडीएससाठी कर्ज काढून पाठवली जाते. यात तिचे नुकसान आहे हे आकडेमोडीशिवाय दिसते.

बचावकार्याची गोष्ट मात्र सगळ्यात वेगळी आहे, आणि या दोन जिल्ह्यांइतकी ती कुणाला ठाऊक असायला हवी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक नुकतेच झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, अशी घरे एका झटक्यात खाली आली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १० हजार माणसे गेली. त्या वेळी देशात आपत्तीसाठी वेगळे दल नव्हते. माणसे काढली ती आधी गावकऱ्यांनी, आसपासच्या गावांतून आलेल्यांनी, लातूरच्या डॉक्टरांनी, मग पोलिसांनी आणि लष्कराने. मंगरूळमध्ये पाचव्या दिवशी दीड वर्षाची मुलगी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली ती लष्कराच्याच हातून. या अनुभवामुळे मराठवाड्यात बचाव म्हणजे मिलिटरी हे समीकरण पक्के बसले. पण त्यानंतर ओडिशाचे चक्रीवादळ, भूज, त्सुनामी आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, आणि २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभे राहिले. आज त्याच्या १६ बटालियन आहेत. महाराष्ट्राला जवळची ती पाचवी, तळेगावजवळ सुदुंबरे इथली. एका बटालियनमध्ये शोध आणि बचावाची १८ पथके असतात, आणि प्रत्येक पथकात अभियंते, तंत्रज्ञ, श्वान आणि वैद्यकीय सहाय्यकही असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने आणि लेंडी प्रकल्पाच्या पाण्याने रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावे वेढली गेली तेव्हा एनडीआरएफ आले आणि छत्रपती संभाजीनगरहून लष्कराची तुकडीही मागवावी लागली.

म्हणजे बचावाचे काम करायचे असेल तर एनडीआरएफचा फॉर्म भरावा? इथेच मुले फसतात. एनडीआरएफची थेट भरती होत नाही. त्याच्या बटालियन सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी आणि आसाम रायफल्समधून उभ्या केल्या आहेत, पुण्याची पाचवी सीआरपीएफची, आणि जवान तिथे ठरावीक मुदतीच्या प्रतिनियुक्तीवर जातात. म्हणून रस्ता असा आहे: कर्मचारी निवड आयोगाची, म्हणजे एसएससीची, जीडी परीक्षा देऊन केंद्रीय दलात शिरायचे किंवा त्याच दलांच्या वैद्यकीय शाखांतून स्टाफ नर्स, फार्मासिस्ट, वैद्यकीय अधिकारी म्हणून जायचे, आणि मग तिथून एनडीआरएफसाठी प्रयत्न करायचा. या शाखांत स्त्रियांना बंदी नाही, आणि अलीकडच्या वर्षांत एनडीआरएफमध्येही महिला बचावकर्मी आल्या आहेत. सीआरपीएफचे प्रशिक्षण महाविद्यालय नांदेड जिल्ह्यात मुदखेडला आहे, बीएसएफचे प्रशिक्षण केंद्र लातूर जिल्ह्यात चाकूरला, तरी या दलांकडे ‘आर्मी नाही मिळाली तर’ म्हणूनच पाहिले जाते. राज्याचे स्वतःचे आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एसडीआरएफ, धुळे आणि नागपूरला आहे आणि ते राज्य राखीव पोलीस दलातून घडवले आहे, म्हणजे त्याची वाट पोलीस भरतीतून, हिंगोली किंवा जालन्याच्या गटातूनही, जाते. दोन्ही दले नांदेड-लातूरपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत ही गोष्ट वेगळी, आणि सरकारला विचारण्यासारखी. पुण्याहून मुखेडला पथक यायला चारशे किलोमीटरच्या आसपास रस्ता तुडवावा लागतो.

तिन्ही दले बचाव करत नाहीत असे मुळीच नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ हा तराफा बुडाला, त्यावर २६१ माणसे होती, नौदलाने रात्रभर खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना काढले. समुद्रातला शोध आणि बचाव ही तटरक्षक दलाची रोजची जबाबदारी आहे. जून २०१३ मध्ये उत्तराखंडात पूरग्रस्तांना काढताना हवाई दलाचे एमआय-१७ कोसळले आणि २० जण गेले, त्यांत हवाई दलाचे, एनडीआरएफचे आणि आयटीबीपीचे जवान होते. पण नीट पाहिले तर ही माणसे नाविक होती, वैमानिक होती, जहाजावरचे किंवा हेलिकॉप्टरवरचे कर्मचारी होती. त्यांची नोकरी युद्धाची, बचाव हे प्रसंगी येणारे काम. अमेरिकेच्या हवाई दलात ‘पॅरारेस्क्यू’ नावाची पूर्णवेळ शाखा आहे, विमानातून उडी मारून जखमीला उपचार देणारी, आणि तिचे चित्रपटासारखे व्हिडिओ मुले तासन्‌तास पाहतात. आपल्या हवाई दलात जवानाला भरतीच्या वेळी निवडता येईल अशी ती शाखा नाही. तिच्या जवळ जाणारे आपल्याकडे काही असेल तर ते आग्र्याचे ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल. कोरियाच्या युद्धात लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली या तुकडीने काम केले आणि रंगराज यांना महावीरचक्र मिळाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपानंतर त्याच तुकडीचे ९९ जण इस्केन्देरुनला गेले आणि त्यांनी सुमारे ३६०० रुग्णांवर उपचार केले. त्याच वेळी एनडीआरएफची पथके दुसऱ्या गावांत ढिगारे उपसत होती. काढणारे वेगळे, उपचार करणारे वेगळे, अशी आपल्याकडची विभागणी त्या मोहिमेत स्पष्ट दिसली. आपल्याला यांतले कोणते काम हवे आहे, हे मुलाने ठरवले की निम्मा गोंधळ मिटतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. हे सगळे गणवेशाशिवाय करता येत नाही का? करता येते. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सेवा आहे, ती ९३७ गाड्यांनी सुरू झाली, आणि तिच्यावरचे बहुतेक डॉक्टर बीएएमएस झालेले आहेत. म्हणजे लष्कराने ज्या पदवीला दार बंद ठेवले तिला आपत्कालीन सेवेत जागा आहे. अग्निशमन सेवा आहे, तिचे राष्ट्रीय महाविद्यालय नागपुरात आहे. ज्याला आपल्याच माणसांत राहून हे काम करायचे आहे त्याने सैन्यात जाऊ नये, असे मी बिनदिक्कत म्हणेन. सैन्य बदलीवर पाठवते, सीमेवर पाठवते आणि मनाविरुद्धही पाठवते. त्या बदल्यात ते असे प्रशिक्षण, अशी शिस्त आणि अशी साधने देते की जिल्ह्यातल्या कुठल्याही सेवेत ती आज मिळत नाहीत. या अदलाबदलीत आपण कुठे उभे आहोत, हे दलाच्या नावाआधी ठरायला हवे. (उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांसाठी जाता जाता: रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअर पशुवैद्यकाच्या पदवीधरांना अधिकारी म्हणून घेते, आणि लष्करी श्वानांची निगा तिच्याकडेच असते. या वाटेवर गर्दी फार कमी असते.)

अर्ज भरण्याआधी दोन कामे करून घ्यावीत. पहिले, डोळे आणि हाडे. रंगांधळेपणा, सपाट तळवे, एकमेकांना लागणारे गुडघे, परवानगी नसलेल्या जागी काढलेले गोंदण, या गोष्टींवरून दरवर्षी मुले वैद्यकीय तपासणीत बाहेर पडतात, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक गोष्टी अकरावीतच जिल्हा रुग्णालयात तपासून कळू शकतात. दोन वर्षांची तयारी करून शेवटच्या दिवशी रंगांधळेपणा कळणे यासारखा दुसरा तोटा नाही. दुसरे, मूळ जाहिरात स्वतः वाचावी, अकादमीच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशावर विसंबू नये, कारण वयाच्या तारखा दर भरतीला बदलतात. आणि शेजारी असले तरी हे दोन जिल्हे एकाच भरती कार्यालयात येत नाहीत: नांदेडच्या उमेदवाराचे लष्करी भरती कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, लातूरच्या उमेदवाराचे पुण्याला.